विज्ञानाच्या तासाला 'अपेक्षित' काय?

महाराष्ट्रात दहावीच्या उंबरठ्यावर असलेल्या विद्यार्थ्याच्या बोलण्यात 'अपेक्षित' हा शब्द विशेषण म्हणून उरलेला नाही. त्याचे केव्हाच नाम झाले आहे. 'अपेक्षित आणलेस का?' असे एक मुलगा दुसऱ्याला विचारतो, तेव्हा त्याच्या मनात संभाव्य प्रश्नसंचांचे ते जाडजूड पुस्तक असते. परीक्षेत काय येईल याचा अंदाज म्हणजे अपेक्षा, असा अर्थ रूढ झाला की शिक्षणाकडून नेमके काय अपेक्षित आहे, हा मूळ प्रश्न विचारण्याची गरजच संपते. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र या विषयांच्या बाबतीत ही गरज आज पुन्हा निर्माण झाली आहे आणि त्याला निमित्त २० या आकड्याचे आहे.

राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातील एका तरतुदीची बातमी ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. दहावीला गणित किंवा विज्ञान विषयात ३५ पेक्षा कमी, पण किमान २० गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला अकरावीचा मार्ग मोकळा राहील. मात्र गणित वा विज्ञानावर आधारित अभ्यासक्रमांना त्याला जाता येणार नाही, असा शेरा गुणपत्रिकेवर असेल, अशी ही तरतूद. शेरा मान्य नसेल तर पुन्हा परीक्षेस बसण्याची मुभा राहील आणि हा बदल नव्या अभ्यासक्रमाबरोबरच लागू होईल, असे तेव्हा स्पष्ट करण्यात आले. त्यावर अपेक्षेप्रमाणे दोन तट पडले. दर्जा घसरणार म्हणून एक बाजू संतापली. केवळ दोन विषयांपायी मुलांचे शिक्षण थांबते, ते थांबणार नाही, म्हणून दुसरी सुखावली. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु दोन्ही बाजू एकाच गृहीतकावर उभ्या आहेत. विज्ञानाच्या वर्गात बसणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाकडून असलेली अपेक्षा गुणांच्या रेषेने मोजता येते, हे ते गृहीतक. खरा वाद तेथेच व्हायला हवा.

योगायोग असा की २० हाच आकडा विज्ञानाच्या विद्यमान परीक्षेतही आहे. राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत विज्ञान आणि तंत्रज्ञान या विषयाच्या दोन भागांना प्रत्येकी ४० गुण आणि प्रात्यक्षिकाला २० गुण अशी विभागणी आहे. भाग पहिला म्हणजे मुख्यतः पदार्थविज्ञान आणि रसायन. गुरुत्वाकर्षण, मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, प्रकाशाचे अपवर्तन, भिंगे, धातुविज्ञान, कार्बनी संयुगे आणि अवकाश मोहिमा अशी दहा प्रकरणे त्यात आहेत. यादी उत्तम आहे. जगातील कोणत्याही चांगल्या शाळेच्या अभ्यासक्रमाशेजारी ती ठेवता येईल. प्रश्न यादीचा नाहीच. ही दहा प्रकरणे संपल्यावर मुलाला काय करता यावे, हे आपण कधी ठरवले आहे का, हा प्रश्न आहे.

कुंपणाच्या दोन बाजू

हा प्रश्न समजून घ्यायला ट्रॉम्बेइतकी योग्य जागा मुंबईत दुसरी नाही. ४ ऑगस्ट १९५६ रोजी येथे 'अप्सरा' ही आशियातील पहिली म्हणून ओळखली जाणारी अणुभट्टी कार्यान्वित झाली. डॉ. होमी भाभा यांनी उभारलेल्या या अणुऊर्जा आस्थापनेला त्यांच्या निधनानंतर, १९६७ साली त्यांचे नाव देण्यात आले. भाभांनीच स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. आरंभी हे केंद्र नाना चौकातील महापालिका शाळेच्या इमारतीत होते. नव्वदच्या दशकात ते मानखुर्दला, अणुशक्तीनगरच्या समोर, स्वतःच्या वास्तूत आले. देशाचे अणुविज्ञान आणि देशाचे विज्ञान शिक्षण यांची दोन मोठी केंद्रे अशी एकाच रस्त्यावर आहेत.

त्याच रस्त्याने पुढे गेले की चिता कॅम्प लागतो. १९७६ साली, आणीबाणीच्या काळात, अणुसंशोधन केंद्रालगतची जनता कॉलनी हटवण्यात आली आणि तेथील हजारो कुटुंबांना ट्रॉम्बेच्या या टोकाला आणून वसवण्यात आले. हा सारा परिसर महापालिकेच्या एम-पूर्व विभागात मोडतो. मुंबईचा मानवी विकास अहवाल २००९ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा शहरातील सर्व विभागांत एम-पूर्व सर्वांत खाली होता. अणुशास्त्रज्ञांची वसाहत आणि शहरातील सर्वाधिक वंचित वस्त्या एकाच प्रशासकीय विभागात नांदतात. वसाहतीतील मुलांसाठी अणुऊर्जा शिक्षण संस्थेच्या केंद्रीय शाळा आहेत. कुंपणापलीकडे महापालिकेच्या आणि खासगी अनुदानित-विनाअनुदानित शाळा आहेत. मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून शिकवते आणि या परिसरात त्या बहुभाषिकतेचा प्रत्यय पावलोपावली येतो.

न्यूटनचे नियम कुंपणाच्या दोन्ही बाजूंना सारखेच लागू आहेत. अपेक्षा मात्र सारख्या नाहीत. एका बाजूच्या मुलाने विज्ञान शाखेला जावे, हे गृहीत असते. दुसऱ्या बाजूच्या मुलाने विज्ञानात निदान उत्तीर्ण व्हावे, एवढीच शाळेची आणि घराची प्रार्थना असते. शिक्षणशास्त्रात ही गोष्ट नवी नाही. शिक्षकाने ज्याच्याकडून कमी अपेक्षिले, त्याला तो सोपे प्रश्न विचारतो, उत्तरासाठी कमी वेळ थांबतो आणि चूक झाली की स्वतःच उत्तर सांगून मोकळा होतो. मूलही मग तेवढेच देऊ लागते. अशी अपेक्षा स्वतःलाच खरी ठरवत जाते.

या समजाला छेद देणारा पुरावा याच मुंबईत तयार झाला आहे, हे आज कितीजणांना आठवते? विज्ञान शिक्षण केंद्राचे संस्थापक संचालक प्रा. व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात महापालिका शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक उपक्रम चालवला. आठवीत मुले निवडायची आणि दहावीपर्यंत त्यांच्याबरोबर नियमित काम करायचे, असे त्याचे स्वरूप होते. मुलांना कोठे अडते, याचा त्यात बारकाईने शोध घेतला गेला. अडचण बुद्धीची नव्हती. वाचलेले वाक्य उलगडणे, आकड्यांचे व्यवहार सहजपणे करणे, दोन गोष्टींतील संबंध शब्दांत मांडणे, अशा पायाभूत कौशल्यांत ती दडलेली होती. तेथे नेमकी मदत मिळताच ही मुले शालान्त परीक्षेत आधीच्या अंदाजाच्या कितीतरी पुढे गेली. त्याआधी सत्तरच्या दशकात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा येथे ग्रामीण शाळांबरोबर केंद्राने केलेल्या कामातूनही भाषेचा मुद्दा पुढे आला होता. पाठ्यपुस्तकाची भाषा मुलाच्या आवाक्यात आली की ते वर्गात प्रश्न विचारू लागते. सांगायचे तात्पर्य, रेषा खाली आणणे हा एकच उपाय नसतो; शिडी लावणे हाही उपाय असतो आणि तो करून पाहिलेला आहे.

सुवाच्य प्रयोगवहीचे रहस्य

आता त्या पहिल्या २० गुणांकडे, म्हणजे प्रात्यक्षिकाकडे वळू. विज्ञानाच्या विद्यार्थ्याकडून असलेली पहिली अपेक्षा कोणती, असे विचारले तर बहुतेक शाळांत उत्तर येईल : प्रयोगवही पूर्ण असावी. डाव्या पानावर पेन्सिलीने आकृती, उजव्या पानावर शाईने उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. वहीला तपकिरी कागदाचे वेष्टन, अक्षर सुवाच्य, प्रत्येक पानावर शिक्षकांची सही. या शिस्तीत वाईट काही नाही. परंतु वही पूर्ण असणे आणि प्रयोग झालेला असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे विद्यार्थी, शिक्षक आणि परीक्षक असे तिघेही जाणून असतात. जानेवारीत मागच्या वर्षीच्या मुलाची वही मिळवायची आणि दोन रात्रींत उतरवून काढायची, हा अनेक शाळांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला परिपाठ आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर काढण्याचा प्रयोग दहावीला असतो. खिडकीबाहेरच्या दूरच्या झाडाची प्रतिमा कागदावर स्पष्ट होईपर्यंत भिंग मागेपुढे करायचे आणि भिंग व कागद यांतील अंतर पट्टीने मोजायचे. भिंगावर '१० सेंमी' असे लिहिलेले असते. उतरवलेल्या वहीत तीनही निरीक्षणे १०.० असतात आणि सरासरीही १०.० येते. वही देखणी दिसते, गुणही पूर्ण मिळतात. ज्याने खरोखर प्रयोग केला, त्याला मात्र ९.८, १०.३ आणि १०.१ अशी काहीतरी निरीक्षणे मिळतात, कारण प्रतिमा नेमकी कोणत्या जागी सर्वांत स्पष्ट आहे, हे ठरवताना डोळा दोन-तीन मिलिमीटरने फसतोच. त्याची सरासरी गणकयंत्रावर १०.०६६६ दिसते. येथे विज्ञानाचा खरा प्रश्न उभा राहतो. मिलिमीटरच्या पट्टीने मोजलेल्या अंतराला दशांशानंतर चार अंक लिहिण्याचा अधिकार कोणी दिला? १०.१ सेंमी लिहिणे योग्य, आणि 'सुमारे दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे' असे पुढे नमूद करणे अधिक योग्य. हे ज्याला समजले, त्याला मापन म्हणजे काय ते समजले.

आपल्या व्यवस्थेत या दोघांपैकी बक्षीस कोणाला मिळते? १०.० लिहिणाऱ्याला. ९.८ लिहिणाऱ्याच्या वहीवर तांबड्या शाईचे वर्तुळ उमटण्याची शक्यता अधिक. प्रामाणिक निरीक्षणाला शिक्षा आणि बनावट निरीक्षणाला गुण, हा धडा मूल पंधराव्या वर्षी शिकते. पुढे ते अभियंता होवो, औषध कंपनीत तपासणी करणारे होवो की सरकारी कार्यालयात अहवाल लिहिणारे होवो, आकडा 'बसवण्याचा' हा संस्कार त्याच्याबरोबर जातो. विज्ञानाच्या वर्गाकडून नैतिक शिक्षणाची अपेक्षा आपण सहसा करत नाही. वास्तविक, 'जे दिसले तेच लिही' हा नैतिकतेचा धडा ज्या वर्गात रोज गिरवता येतो, असा हा एकच वर्ग आहे.

अर्थात, सारा दोष शिक्षकांच्या माथी मारणे सोपे असले तरी अन्यायाचे ठरेल. साधा हिशेब मांडून पाहू. समजा, वर्गात ६० मुले आहेत, तास ३५ मिनिटांचा आहे आणि साहित्याचे सहा संच आहेत. एका संचाभोवती दहा मुले उभी राहणार. मांडामांड आणि आवराआवर यांत दहा मिनिटे गेली तर उरलेल्या २५ मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला अडीच मिनिटे येतात. एक जण भिंग धरतो, दुसरा पट्टी लावतो, उरलेले आठ जण आकडा टिपून घेतात. आता हाच वर्ग ३० मुलांच्या दोन तुकड्यांत विभागला आणि प्रात्यक्षिकाला दोन तास जोडून दिले, तर ७० पैकी ६० मिनिटे कामाची मिळतात, एका संचावर पाच मुले येतात आणि प्रत्येकाला बारा मिनिटे मिळतात. साहित्यावर एक रुपयाही जादा खर्च न करता अडीच मिनिटांची बारा मिनिटे होतात. लागते ती वेळापत्रकातील जागा आणि दुसऱ्या तुकडीकडे पाहायला आणखी एक शिक्षक. नेमक्या याच दोन गोष्टी आपल्या शाळांत दुर्मिळ झाल्या आहेत.

उलट, खर्चाची मोठी दारे वेगळ्याच दिशेने उघडली. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून देशभरात सुमारे दहा हजार शाळांत 'टिंकरिंग लॅब' उभारल्या. एका शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठरले. पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी ५० हजार प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. त्रिमितीय मुद्रक आणि यंत्रमानवाचे सुटे भाग यांनी मुले हरखून जातात आणि त्यातून काही चांगले निपजतेही. पण ज्या शाळेत परीक्षानळ्या मोजक्या आहेत आणि स्पिरिटच्या दिव्याला वात नाही, तेथे यंत्रमानव येऊन प्रात्यक्षिकाचा तास परत येत नाही.

दिवा का लागत नाही?

प्रयोग झाला नाही तर बिघडते काय, सिद्धान्त तर शिकवला जातो, असा एक युक्तिवाद असतो. त्याचे उत्तर परदेशातून आले आहे आणि ते पुरेसे बोलके आहे. अमेरिकेतील हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्राने १९८७ साली 'अ प्रायव्हेट युनिव्हर्स' नावाचा एक माहितीपट केला. हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात ऋतू का होतात, असा प्रश्न विद्यार्थी, माजी विद्यार्थी व प्राध्यापक अशा २३ जणांना विचारण्यात आला. २१ जणांना समाधानकारक उत्तर देता आले नाही. त्याच केंद्राने १९९७ मध्ये केलेल्या 'माइंड्स ऑफ अवर ओन' या माहितीपटात एमआयटीसारख्या संस्थेतून बाहेर पडणाऱ्या पदवीधरांच्या हाती एक विद्युतघट, एक छोटा दिवा आणि तार देण्यात आली. दिवा लावून दाखवा, एवढेच सांगितले. अनेकांना तो लावता आला नाही.

आपल्याकडे दहावीचा विद्यार्थी २२० व्होल्ट आणि १०० वॅटच्या दिव्यातून वाहणारी विद्युतधारा ०.४५ अँपिअर, असे गणित चुटकीसरशी सोडवतो. त्यालाच विचारावे : दिव्यात शिरताना जेवढी धारा असते, तेवढीच बाहेर पडताना असते का? 'दिव्यात थोडी खर्च होते' असे उत्तर देणारी मुले जगभर सापडतात, हे या विषयातील संशोधनाने पुन्हापुन्हा दाखवले आहे. धारा खर्च होत नाही. प्रभार तेवढाच परततो, ऊर्जा मात्र दिव्याला मिळते. हा फरक सूत्राने समजत नाही. दिव्याच्या दोन्ही बाजूंना अमीटर जोडून, दोन्हीकडे सारखाच आकडा पाहून, चकित झाल्याखेरीज तो मनात ठसत नाही. चकित होण्याची ही संधी प्रत्येक मुलाला मिळावी, अशी अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

सुरक्षिततेचेही तसेच. संहत सल्फ्युरिक आम्ल विरल करताना पाण्यात आम्ल सावकाश ओतावे, आम्लात पाणी ओतू नये, हा नियम प्रत्येक वहीत असतो. का, ते क्वचितच असते. हे आम्ल पाण्याच्या जवळजवळ पावणेदोन पटीहून अधिक जड. वरून पाणी ओतले तर ते पृष्ठभागावरच राहते, मिसळताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने उकळते आणि आम्लासह अंगावर उडते. कारण कळलेले मूल नियम विसरत नाही आणि विसरलेच तर स्वतः पुन्हा शोधून काढते. केवळ नियम पाठ असलेले मूल मात्र परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी कोरे होते.

डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या 'परख' राष्ट्रीय सर्वेक्षणात नववीच्या विद्यार्थ्यांची विज्ञानातील सरासरी देशपातळीवर सुमारे ४० टक्के निघाली. म्हणजे दर पाच प्रश्नांपैकी तीन प्रश्न चुकले. दहावीच्या निकालाची टक्केवारी दरवर्षी नव्वदीच्या आसपास घोटाळत असताना हे घडते, याचा अर्थ 'अपेक्षित' प्रश्न आणि अनपेक्षित प्रश्न यांत केवढी दरी आहे, हे वेगळे सांगायला नको.

वरच्या टोकालाही तीच कथा

हा केवळ दुर्बल शाळांचा प्रश्न आहे, असे मानून उच्चभ्रू शाळांतील पालकांनी निर्धास्त होण्याचे कारण नाही. आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिम्पियाडच्या ५० गुणांपैकी ३० सिद्धान्ताला आणि २० प्रयोगाला असतात; प्रयोगासाठी पाच तासांची वेगळी परीक्षा होते. म्हणजे तेथे प्रयोगाचा वाटा ४० टक्के. शिवाय प्रयोगाचे साहित्य मुलांनी पूर्वी न पाहिलेले असते आणि मापनातील त्रुटीचा अंदाज मांडणेही अपेक्षित असते. मानखुर्दचे विज्ञान शिक्षण केंद्र या ऑलिम्पियाडसाठी भारतीय संघ निवडते आणि घडवते. २००१ चे रसायन, २०१५ चे भौतिकशास्त्र आणि ऑगस्ट २०२५ चे खगोलशास्त्र अशा जागतिक स्पर्धांचे यजमानपद मुंबईने भूषवले. निवडक मुलांकडून काय अपेक्षावे, हे आपल्याला उत्तम ठाऊक आहे; ते सर्वांकडून अपेक्षावे, एवढेच सुचलेले नाही.

बृहन्मुंबईतील विज्ञान अध्यापकांच्या मंडळाने १९८१ मध्ये सुरू केलेल्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेचे उदाहरण घ्या. सहावी आणि नववीच्या मुलांसाठीच्या या स्पर्धेत लेखी फेरीनंतर प्रात्यक्षिकाची फेरी आणि पुढे कृतिसंशोधन प्रकल्प व मुलाखत, अशी चढती रचना आहे. शिक्षकांनीच स्वयंस्फूर्तीने घडवलेली ही परंपरा महाराष्ट्राला भूषणावह आहे. परंतु तिच्याभोवतीही आता शिकवण्यांचे आणि तयार प्रकल्पांचे कडे उभे राहिले आहे. दहावीनंतर तर चित्र आणखी स्पष्ट होते. खासगी शिकवणीवर्ग आणि कनिष्ठ महाविद्यालय यांच्या 'इंटिग्रेटेड' सोयरिकीत प्रयोगशाळा ही केवळ नोंदीपुरती उरते. हे इतके वाढले की २०१८ मध्ये राज्य सरकारला काही विभागांतील विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करावी लागली. विद्यार्थ्याने महाविद्यालयात यावे, ही अपेक्षा यंत्राकडून पुरी करून घेण्याची वेळ आली, यापेक्षा अधिक भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

शेऱ्याचा अर्थ

आता पुन्हा त्या तरतुदीकडे येऊ. ज्या मुलाला चित्रकला, भाषा, वाणिज्य वा एखादे कौशल्य यांत गती आहे, त्याचे शिक्षण विज्ञानाच्या काही गुणांपायी तुटू नये, हा विचार माणुसकीचा आहे. दहावीचा टप्पा ओलांडता न आलेल्या मुलांना, विशेषतः मुलींना, शिक्षणात परतणे किती कठीण जाते, हे ज्यांनी पाहिले आहे, ते या विचाराला विरोध करणार नाहीत. पुढे जाण्याचा दाखला सर्वांना मिळावा, हे मान्य.

पण शेरा ही वेगळी गोष्ट आहे. २४ गुण मिळवणाऱ्या मुलाची गुणपत्रिका त्या मुलाविषयी जेवढे सांगते, तेवढेच त्याच्या शाळेविषयीही सांगते. वर्षभर विज्ञानाचा शिक्षक नव्हता, प्रयोगशाळेची खोली भांडारघर झाली होती, घरात बोलली जाणारी भाषा एक, शाळेची दुसरी आणि 'सेमी इंग्रजी'मुळे विज्ञानाची तिसरी होती, यांपैकी काहीही गुणपत्रिकेवर छापले जाणार नाही. छापला जाईल तो शेरा मुलाच्या नावावर. पुन्हा परीक्षा देण्याची मुभा कागदावर असली, तरी शिकवणीचे शुल्क भरू शकणारे घरच तिचा लाभ घेईल. परिणामी विज्ञानाचे दार सर्वप्रथम बंद होईल ते जेथे ते मुळातच किलकिले होते, तेथे.

येथे कोठारी आयोगाचे स्मरण करणे अगत्याचे आहे. भौतिकशास्त्रज्ञ डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील आणि जे. पी. नाईक ज्याचे सदस्य-सचिव होते त्या १९६४-६६च्या आयोगाने शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान आणि गणित सर्वांना सक्तीचे असावे, अशी शिफारस केली. त्यामागे प्रत्येकाने वैज्ञानिक व्हावे, असा हट्ट नव्हता. आधुनिक जगात नागरिक म्हणून जगायला विज्ञान लागते, अशी ती भूमिका होती.

ट्रॉम्बे-माहूलच्या परिसरात ही भूमिका अमूर्त राहत नाही. तेलशुद्धीकरण, खत, औष्णिक वीज आणि अणुसंशोधन यांच्या सान्निध्यात येथील लाखो लोक राहतात. माहूल आणि आंबापाडा भागातील हवेत मिसळणाऱ्या वाष्पशील कार्बनी संयुगांचा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला आणि २०२० मध्ये लवादाने त्यावर मोठ्या भरपाईचा आदेश दिला. दहावीच्या नवव्या प्रकरणात 'कार्बनी संयुगे' शिकताना मुले बेंझीनचे षटकोनी वलय वहीत काढतात. त्याच कुळातील वायुरूप द्रव्ये आपल्या गल्लीतील हवेत किती आहेत, 'दशलक्ष भागांत एक भाग' म्हणजे किती, ते प्रमाण कशाने मोजतात आणि किती झाले म्हणजे धोक्याचे, हे त्या मुलाला विचारता आले पाहिजे. तो पुढे रसायनशास्त्रज्ञ झाला नाही तरी चालेल. पण अहवालातील आकडा समोर आल्यावर 'हा कोणी, कोठे आणि कसा मोजला?' असे विचारणारा नागरिक तो झालाच पाहिजे. 'विज्ञानावर आधारित अभ्यासक्रमास अपात्र' असा शेरा या वस्तीतील मुलाच्या हाती देणे म्हणजे ज्या विज्ञानाच्या परिणामांत तो राहतो, त्याविषयी बोलण्याचा त्याचा आत्मविश्वासच काढून घेणे होय.

काय अपेक्षावे?

मग नववी-दहावीच्या विद्यार्थ्याकडून अपेक्षावे तरी काय? फार मोठी यादी करण्याची गरज नाही. जे दिसले ते त्याने खरे लिहावे. प्रत्येक आकड्याला एकक जोडावे आणि तो आकडा कितपत विश्वासार्ह आहे, ते सांगता यावे. उत्तर काढण्यापूर्वी ते साधारण केवढे येईल, याचा अंदाज बांधता यावा. आपले म्हणणे स्वतःच्या भाषेत, पाठ्यपुस्तकातील वाक्य न उचलता मांडता यावे. प्रयोगशाळेत स्वतःची आणि शेजाऱ्याची काळजी घ्यावी. आणि आठवड्यातून एक तरी असा प्रश्न विचारावा, ज्याचे उत्तर 'अपेक्षित'मध्ये नाही. यांपैकी एकाही अपेक्षेला महागडे साहित्य लागत नाही आणि एकही अपेक्षा चिता कॅम्पमधील मुलाच्या आवाक्याबाहेरची नाही.

अपेक्षा हा मात्र एकतर्फी व्यवहार नसतो. याच्या मोबदल्यात विद्यार्थ्यानेही शाळेकडून आणि शासनाकडून काही अपेक्षिले तर ते त्याचे हक्काचे आहे. विज्ञान शिकलेला शिक्षक, प्रात्यक्षिकाचा जोडतास, चार-पाच जणांत एक संच, कळेल अशी भाषा आणि प्रामाणिक चुकीला अभय, एवढे तरी त्याला मिळायला हवे. प्रात्यक्षिकाच्या २० गुणांपैकी काही गुण उतरवलेल्या पक्क्या वहीऐवजी प्रयोगाच्या वेळी लिहिलेल्या कच्च्या नोंदींना देता येतील. परीक्षेत एखादा प्रयोग असा ठेवता येईल, ज्याचे उत्तर परीक्षकालाही आधी ठाऊक नसेल. शाळेच्या फाटकापासून रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाची उंची काढणे, इतका तो साधा असू शकतो. ट्रॉम्बेपुरते बोलायचे तर, देशातील उत्तमोत्तम प्रयोगशाळांत काम करणारी किंवा तेथून निवृत्त झालेली शेकडो माणसे याच पिन कोडच्या आसपास राहतात. त्यांतील काहींनी आठवड्याचा एक तास शेजारच्या शाळेला द्यावा, यासाठी शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळांनी मात्र दार उघडे ठेवले पाहिजे.

नव्या अभ्यासक्रमाची अंमलबजावणी इयत्तागणिक पुढे सरकत दहावीपर्यंत पोहोचायला अवधी आहे. तेवढ्या काळात उत्तीर्णतेची रेषा कोठे आखायची, यावर समित्या बसतील आणि निर्णयही होतील. ती ३५ वर राहिली काय किंवा २० वर आली काय, ९.८ हा खरा आकडा लिहिणाऱ्या मुलाच्या वहीवर तांबडे वर्तुळ उमटत राहणार असेल, तर विज्ञानाच्या दृष्टीने दोन्हींत फारसा फरक नाही. ते वर्तुळ पुसण्याचे काम आराखड्यावाचून, येत्या प्रात्यक्षिकापासूनच सुरू करता येईल.